विलंबाचे हप्ते

विमानप्रवासाचे जे दोन प्रमुख प्रकार अलीकडच्या काळात रूढ झाले आहेत, त्यांपैकी पहिल्यात विमान उशिरा येते आणि दुसऱ्यात ते येतच नाही. वेळेवर येणारे विमान हा तिसरा प्रकार अस्तित्वात असला, तरी त्याविषयी घरी परतल्यावर सांगण्यासारखे काहीच उरत नसल्याने प्रवासाच्या मौखिक वाङ्मयात त्याची नोंद सापडत नाही. हे वर्गीकरण सुट्टीच्या सहलींना विशेष लागू पडते. कामानिमित्त फिरणाऱ्या माणसाचे उड्डाण रद्द झाले तर नुकसान त्याच्या कचेरीचे होते आणि तो मनातून सुखावतो. परंतु सहलीस निघालेल्या माणसाचे उड्डाण रद्द झाले की हॉटेलला आगाऊ भरलेले पैसे, साहेबाच्या विनवण्या करून मिळवलेली पाच दिवसांची रजा आणि गल्लीत वाढवून ठेवलेली पत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी धोक्यात येतात. प्रस्तुत विवेचनात यांतील तिसऱ्या गोष्टीस, म्हणजे पतीस, सर्वाधिक महत्त्व दिले आहे (येथे ‘पत’ हा स्त्रीलिंगी शब्द अभिप्रेत आहे, यद्यपि घरातील पतीसही हे विधान तंतोतंत लागू पडते).

विवेचनाचे क्षेत्र अहिल्यानगर जिल्ह्यापुरते मर्यादित ठेवण्याचे कारण असे, की २०२४ पर्यंत सरकारदरबारी अहमदनगर असलेला आणि स्थानिकांच्या तोंडी पूर्वीही, आताही आणि बहुधा पुढेही नुसता ‘नगर’ राहणारा हा जिल्हा १७ हजार ४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळासह महाराष्ट्रात सर्वांत मोठा असून, एवढ्या विस्तारात प्रवासी विमानतळ मात्र एकच आहे आणि तोही जिल्ह्याच्या उत्तर भागात, कोपरगाव तालुक्यातील काकडी या गावी. त्याचे नाव शिर्डीवरून पडलेले असल्याने तेथे उतरणारे बहुतेक लोक नगर जिल्ह्यात आलो आहोत हे न कळताच दर्शन घेऊन परत जातात. नगर शहरातील कुटुंबासमोर त्यामुळे तीन पर्याय राहतात: उत्तरेस शिर्डी, नैर्ऋत्येस पुण्याचे लोहगाव आणि ईशान्येस छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा. शिर्डी त्यातल्या त्यात जवळ, परंतु तेथून थोड्याच शहरांना विमाने जातात आणि मध्ये नगर-मनमाड रस्ता आहे, ज्यावरील खड्डे चुकवता आले तरी गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर चुकवता येत नाहीत. लोहगावहून विमाने पुष्कळ, पण मध्ये वाघोली आहे. वाघोली म्हणजे काय हे ज्यास सांगावे लागते तो नगरकर नव्हे.

या भूगोलातून निघण्याच्या वेळेचे एक स्वतंत्र गणित जन्मास आले आहे. दुपारी २.३५ च्या विमानासाठी दोन तास आधी पोचायचे, वाघोलीसाठी दीड तास वेगळा धरायचा, शिरूरला चहासाठी अर्धा तास, टायर पंक्चर झाल्यास पाऊण तास, आणि हे सर्व धरूनही काहीतरी धरायचे राहिलेच असेल म्हणून आणखी एक तास, अशी बेरीज होत होत गाडी पहाटे सहाला दारात उभी राहते. ज्या प्रवासातील हवेतला भाग जेमतेम सव्वा तासाचा आहे, त्याचा जमिनीवरचा भाग साडेआठ तासांचा होतो. घरातील ज्येष्ठ मंडळींचे तेवढ्यानेही समाधान होत नाही.

“विमान कितीला आहे म्हणालास?”

“दुपारी दोन पस्तीसला, आप्पा.”

“मग सहाला कशाला निघताय? पाचला निघा. उन्हाच्या आत पोचाल.”

उन्हाच्या आत पोचून लोहगावच्या दाराबाहेर नेमके काय करायचे, हा प्रश्न आप्पांना कोणी विचारत नाही, कारण घरातून लवकर निघणे ही त्यांच्या पिढीची श्रद्धा आहे आणि ती आकाशातून आलेली नसून एस.टी.तून आलेली आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे आणि नगर यांच्या दरम्यान धावली, ही गोष्ट नगरकर अभिमानाने सांगतो. तिचा दुसरा अर्थ असा, की सार्वजनिक वाहनाची वाट पाहण्याचा पाऊणशे वर्षांहून अधिक काळाचा अनुभव या भूमीच्या गाठीशी आहे. माळीवाडा, तारकपूर किंवा स्वस्तिक चौकातील स्थानकावर उभे राहून ज्याने कधी दोन तास काढले नाहीत, त्यास नगरचे नागरिकत्व तांत्रिक अर्थानेच मिळालेले असते. चौकशीच्या खिडकीशी जाऊन गाडीविषयी विचारले असता आतून जे ‘येईल’ असे उत्तर मिळते, त्या एका शब्दात क्रियापद आहे, काळ आहे, परंतु वेळ नाही. आणि वेळच नसल्यामुळे उशीर झाला असे सिद्ध करण्याची सोयही नाही. म्हणून एस.टी.चा प्रवासी रागावत नाही. तो बाकड्यावर पिशवी ठेवतो, शेंगा सोलतो, शेजाऱ्याचे गाव विचारतो, त्या गावात आपला कोण पाहुणा आहे हे शोधून काढतो, आणि गाडी आली की खिडकीतून रुमाल टाकून जागेवर मालकी सांगतो. विमानात हीच खिडकीजवळची जागा रुमालाऐवजी चारशे रुपये टाकून मिळते आणि रुमाल परतही येत नाही.

विमान कंपनीचा अपराध, बारकाईने पाहता, उशीर हा नसून १४.३५ हा आहे. ज्याने पस्तीसावे मिनिट छापून दिले, त्यास चौतिसावे आणि छत्तिसावे यांतील भेद कळत असणार असा समज प्रवाशाच्या मनात निर्माण होतो, आणि पुढील सर्व अनर्थ त्या समजातून उद्भवतो. फलकावर १४.३५ पुसून १४.५५ येते, १४.५५ पुसून १५.२० येते, मग १५.५०, मग १६.२५. यास विलंबाचे हप्ते म्हणता येईल. गल्लोगल्ली पतसंस्थेची पाटी असलेल्या या जिल्ह्यात हप्ता ही कल्पना कोणास समजावून द्यावी लागत नाही. फरक इतकाच, की पतसंस्थेत हप्ते भरल्यावर कर्ज कमी होते, तर येथे प्रत्येक हप्त्यागणिक मुद्दल वाढत जाते. चार तास लागतील असे कंपनीने पहिल्याच फटक्यात सांगितले असते तर माणूस बाहेर पडून निवांत जेवून, एखाद्या भाच्याच्या खोलीवर वामकुक्षी घेऊन परतला असता; परंतु ‘आणखी वीस मिनिटे’ असे सांगितल्यामुळे तो प्रसाधनगृहातही जाऊ शकत नाही, कारण आपण आत असतानाच विमान येईल आणि आपल्यावाचून निघून जाईल, ही भीती त्यास खुर्चीला खिळवून ठेवते.

विलंबाची कारणे सांगण्यासाठी विमान व्यवसायाने एक परिभाषा घडवली असून तिच्यातील काही संज्ञांचा येथे परिचय करून देणे आवश्यक आहे. ‘ऑपरेशनल कारण’ म्हणजे असे कारण, जे कंपनीस ठाऊक असते परंतु सांगण्याजोगे नसते. ‘रोटेशन’ म्हणजे एकाच विमानाने दिवसभरात अनेक शहरांच्या फेऱ्या करणे. जे विमान पुण्याहून गोव्यास जाणार असते, तेच सकाळी दिल्लीहून निघायचे असते, आणि त्यामुळे दिल्लीत पहाटे धुके दाटले की नगरच्या आत्याबाईंचे दुपारचे सुरमईचे ताट थंड होते. ‘डायव्हर्जन’ म्हणजे जेथे जायचे ते सोडून जेथे उतरता येईल तेथे उतरणे, जो प्रकार लग्नाच्या वरातींत पूर्वापार चालत आलेला आहे. उरलेली संज्ञा ‘हवामान’. ती सर्वांत उपयुक्त आहे, कारण हवामान कोठे ना कोठे असतेच.

“मॅडम, उशीर कशामुळे?”

“हवामान खराब आहे, सर.”

“बाहेर तर लख्ख ऊन पडलंय.”

“इथलं नाही, सर. तिथलं.”

“तिथं माझा मेहुणा उभा आहे. आत्ताच फोन झाला. तिथंही ऊन आहे.”

“मग मधलं असेल, सर.”

या संवादातील मॅडमचे वय साधारणपणे बावीस असते, विमान आणण्याचा किंवा अडवण्याचा कोणताही अधिकार तिच्यापाशी नसतो, आणि फलकावर जे दिसते त्याहून एक अक्षरही अधिक तिला ठाऊक नसते. तथापि ज्यांना विमानाशी भांडता येत नाही असे एकशे ऐंशी लोक तिच्याशी भांडतात. कंपनीच्या संपूर्ण यंत्रणेत हसतमुख राहण्याचे काम एकट्या तिच्याकडे सोपवलेले असल्याने ती हसते, आणि ती हसते म्हणून लोक अधिक चिडतात.

हवामान हे कारण नेहमीच सोयीसाठी पुढे केलेले नसते, हे मात्र काकडीच्या उदाहरणावरून मान्य करावे लागते. साईबाबांच्या समाधीच्या शताब्दी वर्षाच्या प्रारंभी, १ ऑक्टोबर २०१७ रोजी, तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते या विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा तेथे रात्री विमान उतरवण्याची सोय नव्हती आणि दिवसाही वैमानिकास धावपट्टी डोळ्यांनी पाहूनच उतरावे लागत असे. अशा पद्धतीच्या उतरण्यास किमान पाच किलोमीटरची दृश्यमानता लागते. दृश्यमानता म्हणजे किती अंतरावरची वस्तू नजरेस पडू शकते त्याचे माप. नोव्हेंबर २०१९ च्या मध्यास हे माप पाचाच्या बरेच खाली घसरले, आणि डिसेंबरच्या पूर्वार्धापर्यंत, म्हणजे एक-दोन दिवस नव्हे तर जवळजवळ महिनाभर, शिर्डीची उड्डाणे ठप्प झाली. देशोदेशीचे भाविक ज्या नगरीत दृष्टिभेटीसाठी येतात, तेथे वैमानिकास धावपट्टीची दृष्टिभेट होऊ नये, हा योग विलक्षण खरा. पुढे यंत्रसामग्री आली, एप्रिल २०२३ मध्ये रात्रीचे पहिले प्रवासी विमानही उतरले. बाबांनी भक्तांना दिलेल्या श्रद्धा आणि सबुरी या दोन शब्दांची वाटणी मात्र उड्डाणे ठप्प असलेल्या त्या महिन्यात अशी झाली, की तिकीट काढताना पहिला शब्द कंपनीच्या कामी आला आणि तिकीट काढल्यानंतर दुसरा प्रवाशाच्या.

विमान का येत नाही याची जी उपपत्ती प्रतीक्षाकक्षात तयार होते, ती अधिकृत परिभाषेपेक्षा कितीतरी समृद्ध असते. नगरच्या प्रत्येक कुटुंबात एक गृहस्थ असा असतो, ज्याने पूर्वी एकदा विमानप्रवास केलेला असतो. त्या एका फेरीच्या भांडवलावर तो आजन्म विमानविद्येचा अधिकारी ठरतो आणि खिडकीतून पंखाकडे बघत ‘डाव्या बाजूला काहीतरी चाललंय’ असे गंभीरपणे सांगतो. बाहेर कोणी मनुष्य टॉर्च घेऊन चाकाकडे वाकला, की ‘हवा भरतायत’ असे त्याचे निदान तयार असते. त्याहून ज्येष्ठ अशा आजोबांचा सिद्धांत काळ्या-पिवळ्या जीपवर आधारलेला असतो. ज्यांनी आयुष्यभर जीपवाल्यास ‘अजून दोन शिटा’ म्हणून अर्धा तास ओरडताना ऐकले, त्यांना विमान हे वेगळे तत्त्व पाळत असेल हे पटणे शक्य नाही.

“शिटा भरल्या नसतील. भरल्याशिवाय कसं हलवंल तो?”

“आजोबा, तिकिटं आधीच विकलेली असतात.”

“मग वाटंतनं घेणार असंल.”

हसण्यापूर्वी हे लक्षात घेतले पाहिजे, की कमी भरलेली दोन उड्डाणे रद्द करून एकत्र करण्याचा संशय कंपन्यांवर अनेक सुशिक्षित प्रवासीही घेतात; आजोबांनी तो केवळ कमी शब्दांत मांडला.

शासनाने या सर्व प्रकारासाठी नियम केलेले नाहीत असे नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने, प्रवाशास कशाच्या बदल्यात काय मिळावे याचे कोष्टक ठरवून दिले आहे. त्यात ‘ब्लॉक टाइम’ ही संज्ञा मध्यवर्ती आहे: विमान आपल्या उभे राहण्याच्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावरील जागेवर थांबेपर्यंतचा काळ. हा काळ अडीच तासांपर्यंत असेल आणि विलंब दोन तासांचा किंवा त्याहून अधिक होणार असेल, तर कंपनीने खाणेपिणे द्यावे. लांबच्या उड्डाणांसाठी हीच मर्यादा तीन आणि चार तासांची. विलंब सहा तासांच्या पुढे जाणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे. चोवीस तासांच्या पुढे गेला तर मुक्कामाची सोय. पुरेशी पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केल्यास एक तासापर्यंतच्या उड्डाणास ५ हजार, दोन तासांपर्यंत ७ हजार ५०० आणि त्यावर १० हजार रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जे कमी असेल ते. ‘जे कमी असेल ते’ हे शब्द वाचताना जाणकार वाचकास पीकविम्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. शिवाय कारण कंपनीच्या हाताबाहेरचे असेल, जसे की पूर, दंगल, संप किंवा वर वर्णिलेले हवामान, तर भरपाई नाही. आणि मॅडमने हवामान हा शब्द प्रथमपासून का लावून धरला होता, याचा उलगडा येथे होतो.

या कोष्टकाचा प्रवाशांच्या मनोवृत्तीवर जो परिणाम होतो तो पाहण्यासारखा आहे. पहिल्या तासात जो समुदाय विमान लवकर यावे म्हणून हातघाईवर आलेला असतो, त्यातील कोणा एकास मोबाईलवर हा नियम सापडतो, तो मोठ्याने वाचून दाखवतो, आणि एकूण विलंब एक तास पन्नास मिनिटांवर पोचला की तोच समुदाय आणखी दहा मिनिटांसाठी देव पाण्यात घालून बसतो. एक तास पंचावन्न मिनिटांनी विमान आले असते तर दंगा झाला असता. सुदैवाने ते येत नाही, दोन तास पूर्ण होतात, आणि गरम पाणी ओतून झाकून ठेवायचा कागदी कपातला उपमा सर्वांस मिळतो. घराच्या ओट्यावर सकाळी भांडेभर उपमा नको म्हणून टाकून आलेली माणसे त्या कपासाठी रांग लावतात, कारण हा उपमा खाद्यपदार्थ नसून नुकसानभरपाई असते. आत्याबाईंनी दिलेल्या डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि शेव असते, तो उघडण्याचे कोणाच्या मनात येत नाही. कायदेशीर हक्क सोडून घरचे कोण खाणार? (आत्याबाईंचे लोणचे सुरक्षा तपासणीतच राहिलेले असते. तेलात बुडालेली कैरीची फोड घन की द्रव, यावर त्यांनी तेथे दिलेला युक्तिवाद खरे तर न्यायालयासमोर जावयास हवा होता.)

भुकेचा आणि विमानविलंबाचा संबंध किती निकटचा आहे, हे जानेवारी २०२४ मध्ये अखिल देशाने पाहिले. गोव्याहून दिल्लीस निघालेले एक विमान आधी पुष्कळ रखडले, मग धुक्यामुळे मुंबईस वळवले गेले, आणि तेथे शिडी लागताच बाहेर पडलेल्या प्रवाशांनी विमानाच्या शेजारीच, उघड्या फरसबंदीवर मांडी घालून जेवण केले. केंद्रीय यंत्रणांच्या दृष्टीने हा सुरक्षेचा गंभीर भंग होता आणि त्यापायी संबंधित कंपनीस १ कोटी २० लाख रुपयांचा दंड झाला. महाराष्ट्रातील प्रेक्षकास मात्र ती चित्रफीत पाहताना त्यात फक्त पंगत दिसली, आणि एवढ्या दंडात वाढपी तरी नीट ठेवायला हवा होता असे मत नगरच्या एकाहून अधिक चहाच्या टपऱ्यांवर ऐकू आले.

डिसेंबर २०२५ मध्ये या शास्त्राने कळस गाठला. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम, ज्यांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली होती आणि रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा घातली होती, नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले. ते लागू होणार हे पुष्कळ आधीपासून जाहीर असूनही देशातील सर्वांत मोठ्या कंपनीकडे पुरेसे वैमानिक भरेनात. परीक्षेची तारीख वर्षभर ठाऊक असून आदल्या रात्री पुस्तक शोधणारा विद्यार्थी या देशात घरोघरी आहे, त्यामुळे कंपनीच्या अडचणीविषयी खरे तर लोकांना सहानुभूती वाटावयास हवी होती. परंतु ५ डिसेंबर या एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि सहानुभूतीस जागा उरली नाही. इतर कंपन्यांचे दर इतके भडकले, की दुसऱ्या दिवशी सरकारला पाचशे किलोमीटरपर्यंत ७ हजार ५०० पासून दीड हजार किलोमीटरच्या पुढे १८ हजारांपर्यंत भाड्याची कमाल मर्यादा घालावी लागली. त्याच गोंधळात हुबळी येथे एक नवदांपत्य आपल्याच स्वागत समारंभास पोचू शकले नाही. तेव्हा वधूचे आईवडील त्या दोघांच्या खुर्च्यांवर बसले, वधूवर भुवनेश्वराहून पडद्यावर दिसले, आणि समारंभ पार पडला. ज्या समारंभात पाहुणे केवळ जेवणासाठी येतात असे वधूवरांस नेहमी वाटत आले, तो वधूवरांवाचूनही व्यवस्थित होतो, हे सिद्ध करण्यासाठी विमान वाहतुकीची मदत घ्यावी लागली.

सक्तीच्या मुक्कामाचा सदुपयोग करण्याची परंपरा नगर जिल्ह्यास नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून स्थानबद्ध असलेल्या पंडित नेहरूंनी १९४४ मध्ये तेथेच ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ लिहिला आणि मौलाना आझादांची ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रेही त्याच भिंतींआड लिहिली गेली. या दोघांना निघण्याची वेळ दर वीस मिनिटांनी सांगितली जात नव्हती, हे त्यांच्या लेखनाच्या यशाचे एक दुर्लक्षित कारण असावे. फलकाच्या समोर बसलेल्या आधुनिक स्थानबद्धाच्या हातून मात्र मोबाईल भिंतीतल्या खटक्याला जोडण्यापलीकडे काही घडत नाही, आणि तो एकमेव रिकामा खटका शोधणे हाच त्याचा भारताचा शोध ठरतो.

आता पतीच्या प्रश्नाकडे, म्हणजे गल्लीकडे, वळता येईल. विमानाने सहलीस जाणारे कुटुंब गुपचूप जात नाही. ते जाणार हे किमान पंधरा दिवस आधी दूधवाल्यास दूध बंद करण्याच्या निमित्ताने, पेपरवाल्यास पेपर बंद करण्याच्या निमित्ताने आणि उरलेल्यांस कोणत्याही निमित्तावाचून कळवलेले असते. निघण्याच्या पहाटे सहा वाजता सारी गल्ली ओट्यावर उभी असते, कोणीतरी नारळ हातात देते, कोणी ‘पोचल्यावर फोन करा’ म्हणते. अशा थाटात ज्यांची पाठवणी झाली, त्यांनी त्याच दिवशी रात्री नऊ वाजता त्याच बॅगा घेऊन त्याच गल्लीत परत यायचे, यापेक्षा विमानतळाच्या फरशीवर पाच रात्री काढणे बरे, असे त्यांस वाटते. उड्डाण रद्द झाल्याची खरी झळ येथे बसते, आणि तिच्या भरपाईची तरतूद कोणत्याही कोष्टकात नाही.

शास्त्रीय स्पष्टतेसाठी अशा एका नमुना कुटुंबाची कल्पना करता येईल, ज्याचे दिवाळीच्या सुट्टीतील पुणे-गोवा उड्डाण चार हप्त्यांनंतर आणि एका उपम्यानंतर रद्द झाले, पुढचे विमान तीन दिवसांनी देऊ असे सांगण्यात आले, आणि ज्याने बाहेर येऊन भाड्याच्या गाडीवाल्यास, जो अद्याप वाघोलीतच अडकलेला होता, परत बोलावले. गाडीत बसल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही.

“नगरला घ्यायची ना?” गाडीवाल्याने विचारले.

“नगरला नको,” तिघे एकदम म्हणाले.

“मग कुठं?”

हा प्रश्न शिक्रापूरपर्यंत अनुत्तरित राहिला. अखेर वहिनींची धाकटी बहीण अकोल्यात असते (विदर्भातले अकोला नव्हे, आपल्याच जिल्ह्याचे अकोले) आणि तेथून भंडारदरा फार लांब नाही, हे आठवले, आणि गोव्याची सहल जिल्ह्याबाहेर न पडता पार पाडण्याचा निर्णय झाला. भंडारदऱ्यास १९२६ मध्ये पूर्ण झालेले विल्सन धरण आहे, रंधा धबधबा आहे, राज्यातील सर्वोच्च असे १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आहे, आणि वाटेत लागतो म्हणून ज्याकडे नगरकर कधी निवांत पाहत नाही असा अथांग जलाशय आहे. त्या जलाशयाची छायाचित्रे पलीकडचा डोंगर कापून गल्लीच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकली असता पाणी बऱ्यापैकी समुद्रासारखे दिसते, एवढेच नव्हे तर ‘लाटा फार नाहीत वाटतं या दिवसांत’ अशी शेजारच्या काकूंची प्रतिक्रियाही मिळते. परतताना नगरच्या दाळमंडईतून गोव्याचे काजू घ्यायचे, आणि ते घेताना कोणी पाहू नये म्हणून गाडीवाल्यास पाठवायचे, असेही ठरले होते.

योजना निर्दोष होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धरणाच्या भिंतीवर हे कुटुंब कणसे खात उभे असताना समोरून, अगदी तशीच कणसे हातात घेतलेले, दुसरे एक कुटुंब आले. ते त्यांच्याच गल्लीतले, तिसऱ्या घरातले, आठवड्यापूर्वी नारळ घेऊन केरळास गेलेले कुटुंब होते.

दोन्ही बाजूंनी बराच वेळ धरणाच्या बांधकामाचे निरीक्षण झाले.

“केरळ कसं वाटलं?” शेवटी दादांनी विचारले.

“फार छान. हिरवंगार आहे.” पलीकडचे काका कणसाचे केस काढत म्हणाले. “आणि गोवा?”

“गर्दी फार आहे हो.”

“सुट्ट्या आहेत ना.”

यापुढील व्यवहार समंजसपणे झाला. दोन गाड्यांचे भाडे कशाला, म्हणून केरळवाल्यांनी आपली गाडी सोडून दिली आणि सर्वांनी एकाच गाडीतून नगरला यायचे ठरले. काजू आणि केळ्याचे वेफर्स दोन्ही एकाच फेरीत दाळमंडईतून आणावयाचे होते. फक्त गल्लीच्या तोंडाशी दोघांनी एकदम उतरणे बरे दिसले नसते, म्हणून गोव्याने आधी उतरावे आणि केरळाने पुढच्या चौकात चहा पीत थांबून मागाहून यावे, अशी तडजोड निघाली. आणि कोणी विचारलेच, तर केरळचे विमान चाळीस मिनिटे उशिरा आले असे सांगावयाचे होते.